जोई स्मॉलवुड यांच्या बेटावर

न्यूफाउंडलंडचं घड्याळ शेजारच्या प्रांतांपेक्षा अर्ध्या तासानं पुढे चालतं. आपल्या भारतीय वेळेतही असाच अर्धा तास असल्यामुळे हिवाळ्यात पुण्यात सकाळचे नऊ वाजले की इथे, सेंट जॉन्समध्ये, बरोबर मध्यरात्र असते. हा अर्धा तास जुन्या स्वातंत्र्याच्या काळातला आहे. वेळ ठरवली तेव्हा न्यूफाउंडलंड कॅनडात नव्हतं. त्याचा स्वतःचा पंतप्रधान होता, स्वतःची टपाल तिकिटं होती, पहिल्या महायुद्धात लढलेली स्वतःची पलटण होती. ३१ मार्च १९४९ च्या मध्यरात्रीला काही क्षण उरले असताना ते कॅनडाचा दहावा प्रांत झालं. त्याला तिथवर ओढून नेणारा माणूस म्हणजे जोसेफ रॉबर्ट्स स्मॉलवुड. बेटावर लहानथोर सगळे त्यांना आजही नुसतं ‘जोई’ म्हणतात. १ एप्रिल १९४९ पासून १८ जानेवारी १९७२ पर्यंत ते या प्रांताचे प्रीमियर, म्हणजे आपल्या भाषेत मुख्यमंत्री, होते.

जवळजवळ तेवीस वर्षं एकच माणूस सत्तेवर राहिला तर जमिनीवर त्याच्या खुणा कुठे कुठे सापडतात, हे मला बघायचं होतं. म्हणून सेंट जॉन्सहून गाडी घेऊन पश्चिमेकडे निघायचं ठरवलं. पण आधी काही दिवस शहरातच राहिलो, आणि ते बरं झालं, कारण तिथे मला १ जुलै बघायला मिळाला. उरलेल्या कॅनडात हा राष्ट्रीय सणाचा दिवस. सेंट जॉन्समध्ये मात्र सकाळी युद्धस्मारकापाशी लोक काळ्या कपड्यांत उभे असतात. १ जुलै १९१६ ला फ्रान्समधल्या बोमाँ-हामेलच्या रणांगणावर न्यूफाउंडलंडची पलटण खंदकातून बाहेर पडली. सुमारे आठशे जण होते. दुसऱ्या दिवशी हजेरीला ६८ उभे राहिले. एवढ्याशा देशाची एक पिढी त्या अर्ध्या तासात गेली. दुपारनंतर त्याच शहरात कॅनडाचे झेंडे फडकतात, संगीत सुरू होतं. सकाळ एका देशाची आणि दुपार दुसऱ्या देशाची असा हा दिवस मी दुसरीकडे कुठे पाहिलेला नाही.

त्या युद्धाचं कर्ज बेटाच्या मानगुटीवर बसलं. रेल्वे बांधण्यासाठी काढलेलं कर्ज त्याआधीचंच होतं. मग १९२९ ची मंदी आली आणि खारवलेल्या कॉड माशाचा भाव कोसळला. मिलिटरी रोडवरची कलोनियल बिल्डिंग ही तेव्हाची विधानसभा. फिकट चुनखडीच्या दगडाची, समोर उंच खांबांची इमारत. एप्रिल १९३२ मध्ये भुकेल्या लोकांच्या जमावानं तिच्या खिडक्या फोडल्या. पंतप्रधान सर रिचर्ड स्क्वायर्स कसेबसे निसटले. सरकारी मदत माणशी दिवसाला सहा सेंट होती, तीही पैशात नव्हे तर पीठ आणि काकवीसारख्या शिध्यात. १९३४ साली बेटानं आपलं स्वराज्य स्वतःहून बाजूला ठेवलं आणि लंडननं नेमलेल्या आयोगाच्या हाती कारभार दिला. लोकशाही असलेल्या देशानं ती अशी परत करावी, हे मला त्या पायऱ्यांवर उभं राहूनही पचायला जड गेलं.

शहराच्या टोकाला सिग्नल हिल आहे. १९०१ साली मार्कोनी यांनी अटलांटिकपलीकडून आलेला बिनतारी संदेश इथेच टिपला. खाली बंदराचं तोंड, दोन कड्यांमधली चिंचोळी खाडी, तिला ‘नॅरोज’ म्हणतात. तिथल्या कड्यावर एके काळी प्रचंड मोठा काळा बूट टांगलेला असे, स्मॉलवुड यांच्या आजोबांच्या बुटांच्या दुकानाची जाहिरात. बंदरात शिरणाऱ्या प्रत्येक जहाजाला तो दिसायचा. नातवाचं घर मात्र गरीबच होतं. जोईंचा जन्म २४ डिसेंबर १९०० चा, गँबो गावाजवळच्या मिंट ब्रुकचा. वाढले ते सेंट जॉन्समध्ये. शाळा सोडून छापखान्यात आणि वर्तमानपत्रांत शिरले, विशीत न्यूयॉर्कला जाऊन समाजवादी पत्रात काम केलं.

१९२५ साली ते परतले आणि त्यांनी जे केलं ते ऐकून मी त्यांच्या बाजूला झुकलो. रेल्वेमार्गाची देखभाल करणाऱ्या कामगारांची पगारकपात होणार होती. हे कामगार रुळांच्या कडेला, मैलोगणती अंतरावर, एकेकटे राहायचे. त्यांना सभेला बोलावणं अशक्य. म्हणून स्मॉलवुड बेटाच्या पश्चिम टोकाच्या पोर्ट ओ बास्कपासून रुळांवरून चालत निघाले आणि वाटेतल्या प्रत्येकाला गाठून संघटनेत घेत सेंट जॉन्सकडे आले. हा मुख्य मार्ग सुमारे ८८० किलोमीटरचा. अंगानं किरकोळ, डोळ्यांवर जाड चष्मा. कपात रद्द झाली.

पुढे १९३७ पासून सहा वर्षं ते आकाशवाणीवर ‘द बॅरलमन’ या नावानं बोलले. जहाजाच्या डोलकाठीवर पिंपात बसून दूरवर बघणारा खलाशी तो बॅरलमन. बेटाचा इतिहास, गावोगावच्या शूर माणसांच्या गोष्टी, वादळं, चमत्कारिक प्रसंग हा त्यांचा मालमसाला. बेटाची ओळख बेटाच्याच लोकांना करून देणं, असा त्याचा हेतू होता. रस्ते नाहीत, शेजारच्या गावाला बोटीनं जावं लागतं, अशा ठिकाणी रोज संध्याकाळी एक आवाज स्वयंपाकघरात येतो. तो आवाज घरचाच वाटू लागला. दुसऱ्या महायुद्धात ते गँडरच्या विमानतळावर डुकरं पाळत होते. १९४६ मध्ये देशाचं पुढे काय करायचं हे ठरवायला राष्ट्रीय परिषद निवडली गेली. उमेदवार त्या भागात राहणारा असावा अशी अट होती आणि गँडरला राहत असल्यामुळे त्यांना बोनाव्हिस्टा सेंटरमधून उभं राहता आलं.

परिषद कलोनियल बिल्डिंगमध्येच भरली. तिथल्या भाषणांचं ध्वनिमुद्रण संध्याकाळी रेडिओवर लागायचं. बाकीचे सदस्य समोरच्या सभागृहाला उद्देशून बोलत. स्मॉलवुड मायक्रोफोनशी बोलत. देशाभिमानाच्या भाषणांना त्यांनी उत्तर दिलं ते आकड्यांत: मुलामागे महिन्याला इतका भत्ता, म्हाताऱ्यांना इतकं निवृत्तिवेतन. कॅनडात गेलो तर हे मिळेल.

हे आमिष होतं, असं सेंट जॉन्समधले काही लोक अजून म्हणतात. मला ते पटत नाही. किनाऱ्यावरच्या छोट्या कोळीवस्त्यांत, ज्यांना इथे ‘आउटपोर्ट’ म्हणतात, रोख पैसा हाताळायला मिळतच नसे. व्यापारी वसंतात जाळी, मीठ, पीठ उधार द्यायचा आणि शरदात मासे घेऊन हिशेब मिटवायचा. मालाचा भाव तोच ठरवणार आणि माशाचाही तोच. पिढ्या या वहीत अडकलेल्या. अशा घरात मुलांच्या नावानं सरकारी धनादेश येतो आणि तो आईच्या हातात पडतो, ही गोष्ट आमिषापेक्षा खूप मोठी होती.

जनमत दोनदा घ्यावं लागलं. ३ जून १९४८ ला स्वराज्याला ४४.६ टक्के, कॅनडाला ४१.१ आणि आयोगाच्या राजवटीला १४.३ टक्के मतं पडली. कुणालाच बहुमत नाही. २२ जुलैला पहिल्या दोनांत सामना झाला: कॅनडा ७८,३२३, स्वराज्य ७१,३३४. सात हजारांपेक्षा कमी मतांनी एक देश संपला. राजधानी आणि तिच्या आसपासचा अ‍ॅव्हलॉन द्वीपकल्प बहुतांशी विरोधात होता, दूरदूरच्या आउटपोर्टांनी पारडं फिरवलं. १ एप्रिलला सेंट जॉन्समध्ये काही घरांवर काळी निशाणं लागली.

ट्रान्स-कॅनडा महामार्गाला लागलं की गावं मागे पडतात आणि तासन्‌तास ठेंगणी स्प्रूसची झाडं, तळी आणि खडक. मूसपासून सावध राहा, असं सांगणाऱ्या पाट्या. संध्याकाळनंतर इथे गाडी हळू चालवावी. मूस हा घोड्याएवढा प्राणी रस्त्यात येऊन उभा राहतो. हा रस्तासुद्धा जोईंचाच. १९४९ मध्ये बेट ओलांडणारा रस्ताच नव्हता. खर्चाचा ९० टक्के वाटा केंद्रानं उचलावा हे त्यांनी पंतप्रधान पिअर्सन यांच्याकडून मिळवलं आणि ‘६५ पर्यंत काम तडीला नेऊ’ अशा अर्थाच्या घोषणेच्या पाट्या जागोजागी लावल्या. १९६५ मध्ये सुमारे ९०० किलोमीटरचा डांबरी रस्ता खरोखर पुरा झाला.

पहिला मुक्काम आर्नल्ड्स कोव्हला केला, प्लासेंशिया उपसागराच्या डोक्याशी. उपसागरात मेराशीन, हार्बर बफेट, टॅक्स बीच अशी कितीतरी नावं नकाशावर आहेत, पण तिथे आता वर्षभर राहणारं गाव नाही. त्या बेटांवरची अनेक कुटुंबं आर्नल्ड्स कोव्हला आली. मी ज्यांच्याकडे उतरलो त्या आजी लहानपणी अशाच एका बेटावरून आलेल्या. घर कसं आणलं ते त्यांनी मला खिडकीशी उभं राहून समजावलं. आधी चुलीची चिमणी उतरवायची. मग घराखाली ओंडके सरकवून सगळ्या गावानं दोर ओढत ते पाण्याच्या कडेला न्यायचं. भोवती रिकामी तेलाची पिंपं बांधायची. भरतीची वेळ आणि वारा पडलेला दिवस बघून ते तरंगतं करायचं आणि मोटारबोटींनी खाडी ओलांडून ओढत आणायचं. त्यांच्या आईनं कपबशा फडताळातच ठेवल्या होत्या, एकही फुटली नाही. आजींच्या आवाजात अभिमान होता. मग त्या म्हणाल्या की वडिलांना इथे मासेमारीची जागा कधी मनासारखी मिळाली नाही, कारण चांगल्या जागा आधीपासूनच्या लोकांच्या होत्या. वडील पुढे फारसं बोलेनासे झाले.

पुनर्वसनाची ही योजना १९५४ पासून १९७५ पर्यंत दोन टप्प्यांत चालली. अडीचशेच्या वर वस्त्या रिकाम्या झाल्या, सुमारे ३० हजार माणसं हलली. सुरुवातीला गावातल्या प्रत्येक कुटुंबाची संमती लागायची. १९६५ ला केंद्र सरकार सामील झाल्यावर ती अट ९० टक्के आणि मग ८० टक्क्यांवर आली. कुटुंबाला १,००० डॉलर आणि माणशी २०० डॉलर. कागदावर सक्ती नव्हती. पण शिक्षक गेला, पाद्री गेला, टपाल बंद पडलं, की उरलेल्यांच्या संमतीला काय अर्थ राहतो? शेजारी शेजाऱ्याला विनवू लागला, सही कर म्हणून दडपू लागला. आजींच्या घरात त्या सहीवरून दोन भावांचं बोलणं तुटलं ते कायमचं.

बाजू दुसरीही आहे आणि आजींनीच ती मांडली. बेटावर डॉक्टर नव्हता. त्यांची एक धाकटी बहीण घशाच्या आजारानं गेली, कारण वादळात बोट निघू शकली नाही. इथे आल्यावर त्या शाळा पुरी करून परिचारिका झाल्या. शेकडो खाड्यांत विखुरलेल्या वस्त्यांना वीज, रस्ता, दवाखाना पुरवणं त्या प्रांताला परवडणारं नव्हतं, हे स्मॉलवुड यांचं गणित चुकीचं म्हणता येत नाही. तरी मला वाटतं, गरिबीचा त्यांना इतका मनापासून तिटकारा होता की ती ज्या घरांत नांदली ती घरंही त्यांना नकोशी झाली. ज्या आउटपोर्टांनी त्यांना निवडलं, तीच मोडताना त्यांचा हात थांबला नाही. ‘बोटी जाळून टाका’ असं ते मच्छीमारांना म्हणाल्याचं सांगतात. आपण असं कधीच बोललो नाही, असं ते सांगत राहिले. पण आर्नल्ड्स कोव्हला हे वाक्य सगळ्यांना पाठ आहे.

गावाशेजारीच कम बाय चान्सचा तेलशुद्धीकरण कारखाना दिसतो. मासेमारीऐवजी कारखान्यांवर जगायचं, ही त्यांची धडपड. आल्फ्रेड वाल्डमॅनिस या लातव्हियन अर्थतज्ज्ञाला त्यांनी १९५० मध्ये आणलं. सिमेंट, कातडी, रबर, चॉकलेट असे कारखाने युरोपीय मदतीनं उभे केले. कॅनडात येताना हाती असलेली सुमारे चार कोटी डॉलरची शिल्लक त्यात वितळली. वाल्डमॅनिस लाच घेतात हे कळल्यावर स्मॉलवुड यांनी स्वतः प्रकरण पोलिसांकडे दिलं आणि त्यांना तुरुंगवास झाला. कम बाय चान्सचा कारखाना त्यांच्याच काळात ठरला, ते पायउतार झाल्यावर १९७३ मध्ये सुरू झाला आणि १९७६ मध्ये बुडाला. कॅनडातली ती तोवरची सर्वांत मोठी दिवाळखोरी. मालक बदलून तो १९८७ मध्ये परत चालू झाला.

गँबोला महामार्गावरच ‘जोईज लुकआउट’ आहे. खाली गाव, नदीचं मुख आणि बोनाव्हिस्टा उपसागराचा एक निळा फाटा. गावात त्यांच्या नावाचं छोटं संग्रहालय आहे. शाळेची सहल आली होती. बाईंनी मुलांना विद्यापीठाबद्दल सांगितलं तो भाग मलाही ऐकावासा वाटला. १९४९ मध्ये सेंट जॉन्सचं मेमोरियल कॉलेज त्यांनी विद्यापीठ केलं आणि १९६० च्या दशकात काही काळ तिथलं शिक्षण मोफत केलं. कोळ्यांची मुलं डॉक्टर, शिक्षक, वकील झाली, आणि त्यातलेच काही पुढे त्यांचे कठोर टीकाकार. आज त्या आवारात भारतीय विद्यार्थीही दिसतात.

गँडर आणि ग्रँड फॉल्स मागे टाकून बॅजरला पोहोचलो. लाकूडतोड्यांचं गाव. जुना रेल्वेमार्ग इथूनच जातो. १९८८ मध्ये रेल्वे बंद झाली, रूळ उखडले आणि आता ती चालण्याची वाट आहे. खडीवरून थोडं चालत गेलो. १९२५ मध्ये स्मॉलवुड याच वाटेनं कामगारांसाठी चालत गेले होते. १९५९ मध्ये याच गावात कामगार त्यांच्याविरुद्ध उभे होते. इंटरनॅशनल वुडवर्कर्स ऑफ अमेरिका या संघटनेनं कागद कंपनीविरुद्ध संप केला होता. कामाचे तास कमी करा, जंगलातल्या छावण्या माणसांना राहण्याजोग्या करा, इतकंच मागणं. कंपनी डबघाईला आली तर बेटाचा मोठा आधार जाईल या भीतीनं स्मॉलवुड यांनी विधानसभेत कायदा करून संघटनेची मान्यताच काढून घेतली आणि स्वतःची दुसरी संघटना उभी केली. १० मार्चला बॅजरच्या रस्त्यावर पोलीस आणि संपकरी भिडले. विल्यम मॉस नावाचा तरुण शिपाई डोक्याला मार लागून दोन दिवसांनी गेला. पंतप्रधान डीफनबेकर यांनी जादा पोलीस पाठवायला नकार दिला तेव्हा केंद्रीय पोलिसांच्या प्रमुखानं राजीनामा दिला.

संपूर्ण कारकिर्दीत मला सर्वांत जास्त हेच खटकतं. पुनर्वसनामागे गणित होतं, कारखान्यांमागे आशा होती. इथे तसं काही नव्हतं. सत्तेला दहा वर्षं झाली होती, आणि आपल्यावाचून कामगारांचं भलं दुसरं कुणी करू शकतं हे त्यांना मान्यच होईना, असं मला वाटतं.

लाब्राडोरला, म्हणजे प्रांताच्या मुख्य भूमीवरच्या भागात, जाणं या प्रवासात जमलं नाही, पण चर्चिल फॉल्सचं नाव निघालं नाही असं एकही जेवण झालं नाही. १९५२ मध्ये स्मॉलवुड लंडनला जाऊन विन्स्टन चर्चिल यांना भेटले आणि तिथल्या धबधब्यावरच्या वीजप्रकल्पासाठी भांडवलदारांची जुळणी केली. धबधब्याचं जुनं नाव हॅमिल्टन. ते बदलून चर्चिल यांचं दिलं. ५,४२८ मेगावॉटचं जलविद्युत केंद्र उभं राहिलं. पण वीज बाहेर न्यायला वाट क्युबेकमधूनच होती. मे १९६९ च्या कराराप्रमाणे जवळजवळ सगळी वीज क्युबेकच्या सरकारी कंपनीला, युनिटला पाव सेंटच्या आसपास, तीही पुढे कमी होत जाणाऱ्या दरानं, २०४१ पर्यंत. चारच वर्षांत जगभर तेल भडकलं. क्युबेकनं त्या विजेवर अब्जावधी कमावले. न्यूफाउंडलंड अनेकदा कोर्टात गेलं आणि हरलं; २०१८ मध्ये कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयानंही दाद दिली नाही. २०४१ हा आकडा इथल्या शाळकरी मुलांनाही माहीत आहे.

शेवटचा टप्पा उत्तरेकडे, ग्रोस मोर्न राष्ट्रीय उद्यानाच्या किनाऱ्यानं. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला सपाट माथ्याचे डोंगर. सॅलीज कोव्ह ही रस्त्याकडेची चिमुकली वस्ती, लॉब्स्टरचे पिंजरे रचून ठेवलेली. सलग सहा निवडणुका जिंकलेल्या स्मॉलवुड यांचं राज्य इथे संपलं. २८ ऑक्टोबर १९७१ च्या निवडणुकीत विरोधी कॉन्झर्वेटिव्ह २१, त्यांचे लिबरल २० आणि एक जागा लाब्राडोरच्या पक्षाला, असा निकाल लागला. सॅलीज कोव्ह ज्या मतदारसंघात होतं तिथली जागा विरोधकांनी अवघ्या आठ मतांनी जिंकली होती. फेरमोजणी मागितली तेव्हा उघड झालं की इथल्या मतपत्रिका जाळून टाकलेल्या आहेत. प्रकरण न्यायालयात अडलं आणि स्मॉलवुड तोवर खुर्चीत बसून राहिले. जानेवारीत न्यायालयानं निकाल कायम ठेवला आणि त्यांनी राजीनामा दिला. त्यांच्याच मंत्रिमंडळातून १९६८ मध्ये बाहेर पडलेले जॉन क्रॉस्बी तोवर विरोधकांचे मोठे नेते झाले होते.

नंतर त्यांनी वेगळा पक्ष काढून पाहिला आणि १९७७ मध्ये राजकारण सोडलं. पुढचा काळ त्यांनी न्यूफाउंडलंड आणि लाब्राडोरच्या विश्वकोशाला दिला. पहिला खंड १९८१ मध्ये निघाला. १९८४ मध्ये पक्षाघातानं त्यांची वाचा गेली. आयुष्यभर बोलून माणसं जिंकलेल्या माणसाची वाचा जावी, हे मला फार लागलं. काम पैशांअभावी रखडलं, इतरांनी उचललं. १७ डिसेंबर १९९१ ला, एक्क्याण्णवाव्या वाढदिवसाच्या आठवडाभर आधी, ते गेले. पाचवा आणि शेवटचा खंड १९९४ मध्ये आला. सॅलीज कोव्हच्या पुढे जिथे उतरलो तिथल्या कपाटात पाचही खंड होते. मी मेराशीन काढून पाहिलं. केव्हा वसलं, किती माणसं होती, काय पकडायची, कधी गाव सोडलं, सगळं तिथे नोंदलेलं आहे. रिकाम्या झालेल्या इतर गावांच्याही अशाच नोंदी आहेत. मेमोरियल विद्यापीठानं हे खंड आता इंटरनेटवर सगळ्यांना खुले केले आहेत. आर्नल्ड्स कोव्हच्या आजींना मी त्यांच्या बेटाच्या नोंदीचा दुवा त्याच रात्री पाठवला.